अण्णांच्या नावाचा लॅपटॉप

अण्णा, म्हणजे माझे वडील, ज्या कंपनीच्या मशीन शॉपमध्ये होते तिथे एक रीत होती. रिटायर होणाऱ्या माणसाला, तुला काय भेट हवी, असं कोणी तोंडावर विचारत नसे. विचारलं तर तो काहीच नको म्हणणार किंवा लाजेकाजेने एखादी कळशी सांगणार, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून निरोपाच्या पंधरा-वीस दिवस आधी शॉपमधला एक जाणता माणूस त्याची शिफ्ट बघून, तो घरी नसताना त्याच्या घरी जायचा, चहा घ्यायचा आणि घरच्यांना विचारायचा, त्याच्या मनात काय आहे म्हणून. घरचे सांगतील ते यायचं. कुणाला अंगठी मिळाली, कुणाला लोखंडी कपाट. निघोज्याच्या एकाला तर म्हैस दिली होती. तिला हार घालून कंपनीच्या गेटबाहेर उभी केली, आणि सिक्युरिटीवाल्याने तिची नोंद कुठल्या वहीत करायची यात अर्धा तास घालवला, ही गोष्ट अण्णा दर दिवाळीला सांगायचे. सगळी रीत एकाच गोष्टीवर उभी होती, घरचे खरं सांगतील यावर. कुणाच्या घरच्यांनी खोटं सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही. मी सांगितलं. आता चाळिशी कधीच मागे पडली, डोक्यात पांढरं दिसायला लागलं, तरी हे कागदावर आणताना मी दोनदा उठून ओटा पुसून आले.

आमचं घर चऱ्होलीत. चार खोल्या, पुढे अंगण, मागे गोठा. गोठ्यात गुरं नव्हती. शेतीचा तुकडा वाटण्यांमध्ये एवढासा उरला होता की त्यात बैल फिरवायलाही जागा नव्हती. चहूबाजूंना इमारती उठत होत्या. सकाळी उठलं की आधी काँक्रीट मिक्सरचा आवाज, मग दूधवाल्याची किटली, मग आईच्या भाकरीची थाप. अण्णा फर्स्ट शिफ्टला असले की पहाटेच निघून गेलेले असायचे, सेकंडला असले की सकाळभर घरात आवाज ऐकत बसायचे. त्यांना आवाजाचं वेड होतं. तीस-बत्तीस वर्षं लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर, उभं राहिलेला माणूस. आई मिक्सरवर चटणी वाटायला लागली की ते ओसरीतून ओरडायचे, "बुश गेलंय त्याचं, थांबव." खरंच गेलेलं असायचं. माझ्या सायकलचा, पंख्याचा, पाण्याच्या मोटरचा आजार त्यांना लांबूनच कळायचा. माणसांचं मात्र त्यांना तितकंसं कळत नसे, निदान मला तेव्हा तसं वाटायचं.

मी आकुर्डीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शाखेला तिसऱ्या वर्षात होते. त्या वर्षी वर्गात एकेकाच्या पाठीवर काळ्या बॅगा दिसायला लागल्या. आधी चार-पाच जणांच्या, मग बघता बघता अर्ध्या वर्गाच्या. मुली कॅन्टीनच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायच्या, त्यावर प्रोजेक्ट करायच्या आणि गाणीही ऐकायच्या. मी लॅबमध्ये नंबर लावायचे. लॅबचा माणूस पाच वाजले की मेन स्विच बंद करायचा, अर्धं काम सेव्ह झालेलं असो वा नसो. कुणी मला टाकून बोललं नाही, हेही लिहायला हवं. उलट माझी मैत्रीण श्रद्धा तिचा लॅपटॉप वापर म्हणून आपणहून पुढे करायची, आणि तेच मला झोंबायचं. घरी मागितला असता तर? मागितला नाही. थोरल्या ताईचं लग्न नुकतंच झालं होतं, आणि अण्णांना रिटायर होताना मिळणाऱ्या पैशांतून घरावर स्लॅब टाकायचा हे ठरलेलं होतं. मी समजूतदार मुलगी होते. समजूतदार मुलींना मागता येत नाही, म्हणून त्या दुसऱ्या वाटा शोधतात.

अण्णांना काय हवं होतं, हे घरात मांजरालाही ठाऊक होतं. त्यांना स्वतःचा लेथ हवा होता. मोठा नाही, तीन फुटी बेडचा, जुना चालेल. आयुष्यभर कंपनीच्या मशीनवर काम केलं. रिटायर झाल्यावर गोठ्यात स्वतःचा लेथ लावायचा, आसपासच्या शेतांतल्या पाण्याच्या मोटारींचे शाफ्ट, गाड्यांचे बुश, कुणाचं काय मोडलंतुटलं ते करून द्यायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांनी रविवार घालवून गोठ्यात काँक्रीटचा चौथरा ओतला होता. चार कोपऱ्यांत चार बोल्ट, आट्यांवर ग्रीस लावून, वर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून उभे. पातळी बघायला मीच पाण्याची नळी धरली होती. लेथ कुठून येणार हे ते बोलत नसत. पण शॉपमधले काळोखे काका घरी येऊन विचारणार, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

काळोखे काका निघोज्याचे, अण्णांच्या शेजारच्या मशीनवरचे. ते आले तेव्हा अण्णा सेकंड शिफ्टला गेले होते आणि आई मोशीला एका लग्नाला. मी एकटीच होते. मी चहा केला, खारी काढली. काकांनी खारी चहात बुडवली, ती तुटून कपात पडली, ती त्यांनी चमच्याने निवांत काढून खाल्ली. मग म्हणाले, "वहिनी असत्या तर बरं झालं असतं. पर तू बी शिकलेली हायेस. सांग, अण्णाच्या मनात काय हाय? आमाला तर वाटतंय लेथच. भोसरीत एक बघून बी ठेवलाय मी. जुना हाय, पर बेड एकदम सरळ."

मला फक्त हो म्हणायचं होतं. दोन अक्षरंसुद्धा नाहीत, एकच.

मी म्हणाले, "नाही काका, लेथ नको म्हणतात आता. पाठ दुखते त्यांची, उभं राहवत नाही. लॅपटॉप शिकायचाय म्हणतात."

हे मी आधी ठरवलं होतं का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. ठरवलं नव्हतं असं म्हणायला आवडेल. पण पाठदुखी इतकी तयार होऊन तोंडातून आली की ती कुठेतरी आधीच रांधून ठेवलेली असणार. काकांचा चेहरा जरा उतरला, मग हळूहळू फुलला. "अण्णा लॅपटॉप शिकणार? ह्या वयात? लई भारी गं. मानलं पायजे." आणि मग त्यांनी मला आणखी खोल ढकललं, बिचाऱ्यांना कल्पनाही नव्हती. म्हणाले, "आमाला त्यातलं काय कळत न्हाई. रक्कम ठरलेली हाय, त्यात बसंल असा तूच निवडून दे. आयतवारी चिंचवडात भेटू, दोघं जाऊ दुकानात."

त्या आठवड्यात मी जितका अभ्यास केला तितका परीक्षेसाठी कधी केला नव्हता. श्रद्धाला विचारलं, सीनियर मुलांना विचारलं, वहीत रकाने आखले. प्रोसेसर कुठला, मेमरी किती, बॅटरी किती तास, वॉरंटी कुणाची, सर्व्हिस सेंटर चिंचवडात आहे का. आजही घरात कुणाला लॅपटॉप घ्यायचा असला की मलाच विचारतात, आणि मी सांगते ते सल्ले सगळे त्या वहीतलेच आहेत: दिखाऊपणाला पैसे मोजू नका, मेमरी नंतर वाढवता येईल असा घ्या, आणि जो माणूस वापरणार त्याचं काम काय ते आधी बघा. शेवटचा सल्ला देताना मी समोरच्याकडे बघत नाही.

दुकान चिंचवड स्टेशनजवळ. काळोखे काका इस्त्रीचा शर्ट घालून, शॉपमधल्या लोकांचे पैसे असलेला लिफाफा छातीच्या खिशात ठेवून आले होते, आणि दर पाच मिनिटांनी खिसा चाचपत होते. दुकानदार भला होता. ठरल्या रकमेत बसतील असे दोन लॅपटॉप त्याने पुढे ठेवले. एक मोठ्या पडद्याचा, वजनदार, जरा संथ. दुसरा लहान पडद्याचा, वजनाला कमी, प्रोसेसर चांगला. काका मोठ्यासमोर जाऊन बसले. खिशातून चष्मा काढला, घातला, मग काढला आणि बिनचष्म्याने वाचून बघितलं. अण्णांना जवळचं दिसत नाही म्हणून ते अण्णांच्या वतीने बघत होते. "ह्यात अक्षर मोठं दिसतंय. आन् बटनं बी ऐसपैस हायेत. अण्णाची बोटं जाड हायेत गं, त्या बारक्यावर दोन बटनं एकदम दाबली जातील." दुकानदारही म्हणाला, घरी बसून वापरणार असतील वयस्कर गृहस्थ, तर मोठाच बरा.

मला कॉलेजला दोन बस बदलून जावं लागायचं. मोठा लॅपटॉप पाठीवर घेऊन उभ्याने जायचं माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी म्हणाले, "नको काका. अण्णांना एका जागी बसवत नाही. कधी ओसरीत, कधी गोठ्यात. त्यांना हलकाच हवा." काकांनी मोठ्या लॅपटॉपचं झाकण हळूच लावलं. मग त्यांनी लिफाफा काढला आणि म्हणाले, "तू घरची हायेस. तुला ठाव."

लेथऐवजी लॅपटॉप मागितला ती एका हावऱ्या पोरीची चूक होती, असं म्हणून कधीतरी मी स्वतःला सोडूनही देईन. पण दोन्ही लॅपटॉप समोर असताना, एकाच किमतीत, ज्याचं नाव त्या भेटीवर लिहिलं जाणार त्याच्या डोळ्यांचा विचार न करता मी माझ्या खांद्याचा केला. याला चूक म्हणत नाहीत. त्याला जो शब्द आहे तो मला अजून लिहवत नाही.

निरोपाचा कार्यक्रम कंपनीच्या कॅन्टीनमध्ये झाला, शिफ्ट सुटायच्या वेळी. फर्स्टवाले जात होते, सेकंडवाले येत होते, दोघेही हजर. मसालेभात, जिलेबी, मठ्ठा. आईला साडी दिली, अण्णांना फेटा बांधला. मग काळोखे काकांनी रंगीत कागदातला तो चपटा खोका आणला. अण्णांनी खोका हातात घेतला, आणि मी बघितलं, त्यांनी आधी वजन तोललं. लेथ खोक्यात येत नाही हे त्यांना कळतच होतं. पण भोसरीच्या मशीनचा फोटो असेल, किल्ली असेल, चिठ्ठी असेल, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं असावं. त्यांनी कागद न फाडता चिकटपट्टी नखाने सोडवली. काका माईकवर म्हणाले, "अण्णांची इच्छा व्हती लॅपटॉप शिकायची. पोरीनं सांगितलं आमाला."

अण्णांनी मान वर केली. सगळ्या कॅन्टीनमध्ये त्यांनी मला शोधलं नाही, त्यांना मी कुठे बसलेय ते ठाऊकच होतं. बघितलं. रागाने नाही. मिक्सरचा आवाज ऐकताना जसे बघायचे तसं. मग माईक हातात घेतला आणि म्हणाले, "व्हय. शिकायचाय मला. तुमी एवढ्या मायेनं दिलाय, तर शिकणारच." टाळ्या वाजल्या. माझ्या हातात जिलेबीचा तुकडा होता, तो मी ताटाखाली ठेवला.

घरी आल्यावर आईने विचारलं, "अवो, लेथाचं काय झालं?" अण्णा फेटा सोडत होते. म्हणाले, "झालं ते झालं." बस. मला वाटलं होतं ते लॅपटॉप माझ्यापुढे टाकतील, एखादी शिवी देतील, आणि त्या शिवीत माझं सगळं फिटून जाईल. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, गंध लावून ते ओसरीत बसले आणि मला हाक मारली. "शिकव. लोकं विचारतील."

त्यानंतरचे तीन-चार महिने कुणावर येऊ नयेत असं मी म्हणेन. त्यांनी एक वही केली आणि शॉपमध्ये जॉब करताना कामाचा क्रम लिहितात तसा लिहायला घेतला: झाकण उघडणे, गोल बटण दाबणे, निळा पडदा येईपर्यंत हात न लावणे. माउसऐवजी जी सपाट पट्टी असते तिला त्यांचं बोट कळायचंच नाही. इतकी वर्षं लोखंड घासून बोटाची कातडी अशी झाली होती की पट्टीवर ती फिरली तरी पडद्यावरचा बाण जागचा हलत नसे. ते बोट पाण्यात बुडवायचे, धोतराला टिपायचे आणि पुन्हा फिरवायचे. शेवटी मी पुण्याहून माउस आणला. अक्षरं वाचायला ते इतके वाकायचे की नाक पडद्याला टेकायचं बाकी राहायचं. मी अक्षरं मोठी करून दिली, तर त्या लहान पडद्यावर चार शब्दांत ओळ संपायची आणि ते हरवायचे. त्यांचं झालं की लॅपटॉप मऊ फडक्याने पुसून ते माझ्या टेबलावर ठेवायचे, आणि मग मी त्यावर माझं प्रोजेक्ट करायचे. माझं काम खरंच चांगलं झालं. मार्कही चांगले पडले.

एका दुपारी काळोखे काका आले. "दाव की अण्णा, कुठवर आलं?" अण्णांनी दाखवलं. त्यांना वाकलेलं बघून काका म्हणाले, "म्हणलं व्हतं मी, मोठा घेऊ." अण्णा मान वर न करता म्हणाले, "बारीकच बरा. मला बारीक कामाची सवय हाय." मग काका हात धुवायला मागे गेले. मागे म्हणजे गोठ्यात, जिथे तो चौथरा आणि पिशव्या बांधलेले बोल्ट तसेच होते. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा हात कोरडेच होते. चहा न घेताच निघाले. मी फाटकापर्यंत गेले तेव्हा त्यांनी गाडीला किक मारता मारता विचारलं, "पोरी, पाठ दुखती म्हणली व्हतीस न्हवं?"

मी फाटकाची कडी चाळवत उभी राहिले. ते मला बोलायला जागा ठेवून थांबले. मग गेले. अण्णांना त्यांनी यातलं कधी काही सांगितलं नाही, आणि अण्णांनी त्यांना. दोघे शेजारच्या मशीनवर उभे राहिलेले. मशीन चालू असताना ऐकू येत नाही, म्हणून त्यांना न बोलता राहायची सवय होती. पुढे मला नोकरी लागल्यावर मी भोसरीत जाऊन एक लेथ ठरवला, चांगला होता. अण्णा म्हणाले, "आता नगं. आता हात ऱ्हायला न्हाई." मोतीबिंदूही झाला होता. मी आग्रह केला नाही, कारण तो आग्रह माझ्यासाठीच झाला असता.

त्याच वर्षी पावसाळा संपता संपता अण्णांनी एक पत्र टाइप करायला घेतलं. मशीन शॉपच्या लोकांना आभाराचं. मला जवळ येऊ दिलं नाही. म्हणाले, "ह्याला तुझा हात नगं." एकेक अक्षर शोधत, उजव्या हाताच्या एका बोटाने, आठ-दहा दिवस. सात ओळींचं पत्र. तुम्ही दिलेला लॅपटॉप मी शिकलो, हे पत्र मी स्वतः टाइप केले आहे, चूकभूल माफ असावी, शॉपमध्ये सर्वांनी जपून काम करावे. आळंदी रोडच्या एका दुकानातून त्याची प्रिंट काढली, घडी पडू नये म्हणून पुठ्ठ्यात घातली आणि बसने स्वतः जाऊन कंपनीच्या गेटवर काळोखे काकांकडे दिली. काकांनी ती नोटीस बोर्डावर लावली. लोकांनी थांबून वाचली म्हणे. मी ती कधी पाहिली नाही.

ते परत आले तेव्हा मी जेवायला बसले होते. चपला काढून ते आत गेले, लॅपटॉप, त्याची वायर, माउस आणि ती वही असं सगळं घेऊन आले आणि माझ्या ताटाशेजारी पाटावर ठेवलं. आई आत होती. अण्णा उभेच राहिले.

"तू काळोख्याला सांगितलं व्हतंस, अण्णाला लॅपटॉप शिकायचाय," ते म्हणाले. "शिकलो. लोकांनी बघितलं. आता तू खोटी न्हाईस." मग अगदी साध्या आवाजात, "आता माझं काम झालं. हा तुझा. घे."

मी त्या वेळी नको म्हणू शकले असते. पाया पडू शकले असते, रडू शकले असते, निदान जेवण बाजूला सारू शकले असते. माझ्या उजव्या हाताला आमटी लागली होती. मी तो धुतला, ओढणीला न पुसता स्वच्छ फडक्याला पुसला, आणि लॅपटॉप घेतला.